यंत्रं जूनमध्ये आली: एका काजू प्रक्रिया गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तिलारीच्या खालच्या अंगाला, गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नसलेलं एक गाव. गावाचं आणि गटाचं नाव देत नाही; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आकडे सोयीपुरते गोळा केले आहेत. या गटाचा प्रकल्प अहवाल मी तयार केला होता, म्हणून पुढे ज्या चुका दिसतील त्यांतल्या काही माझ्या खात्यावर आहेत.

बाराजणींचा बचत गट, २०१२ पासूनचा. महिन्याला शंभर रुपये बचत, आपापसांत कर्ज, परतफेड चोख. पुढे गट ‘उमेद’मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आला आणि गावच्या ग्रामसंघाला, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाला जोडला गेला. २०१६ पासून या बायका काजू फोडतात. सुरुवात दोन हातयंत्रांवर झाली. एकीने पायाने पाती दाबून बी फोडायची, समोरच्या बाईने टोच्याने गर बाहेर काढायचा. मार्च ते मे सहा-साडेसहाशे किलो बी घ्यायची, पत्र्याच्या पिंपात चुलीवर उकडायची, रात्रभर पसरून गार करायची, दुसऱ्या दिवशी फोडायची, गर उन्हात वाळवायचे आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून वरची तांबडी साल काढायची. टरफलाचा चीक बोटं जाळतो. खोबरेल लावून, राख फासून बसलं तरी नखांच्या कडा काळ्या पडतातच. लग्नसराईत फोडणीवाल्या बायका हात पदराखाली ठेवतात, हे मी तिथेच पाहिलं.

शंभर किलो बीतून साधारण सव्वीस किलो गर निघतात, म्हणजे वर्षाला पावणेदोनशे किलोच्या आत माल. गिऱ्हाईक ठरलेलं. मे महिन्यात आणि गणपतीला गावी आलेले चाकरमानी, शिवाय गोव्याच्या रस्त्यावरची दोन दुकानं. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांतल्या एका दुकानदाराने विचारलं, महिन्याला दीडशे किलो द्याल का? गटाचा वर्षाचा माल त्याच्या सव्वा महिन्याचाही नव्हता.

अडचण

गटाच्या लेखी आणि माझ्याही लेखी अडचण सरळ होती: हात कमी पडतात, यंत्रं हवीत. उकडायला वाफेचा कुकर, फोडायला सहा हातयंत्रं, वाळवायला बोर्मा म्हणजे गरम हवेची खोली, साल काढायचं यंत्र, पिशव्या हवाबंद करायचं यंत्र. बोर्मा तर अत्यावश्यक, कारण जून ते सप्टेंबर आमच्याकडे ऊन नावाची गोष्ट नसते आणि ओला गर दोन दिवसांत बुरशी धरतो.

अडचणीचा दुसरा अर्धा भाग पहिल्या बैठकीतच कोणीतरी बोललं होतं. गटातल्या सगळ्यात वयस्कर काकी कोपऱ्यात बसून साल काढत होत्या. मी क्षमतेचं गणित फळ्यावर मांडत असताना त्या मान वर न करता म्हणाल्या, “मशीन येतली गो, पन बियो खंयसून आणतलव?” मशीन येईल, पण बिया कुठून आणणार? सगळ्या हसल्या. मी ते वाक्य डायरीत लिहून घेतलं आणि अहवालात मात्र घेतलं नाही.

काकींचा प्रश्न काय होता, ते बाहेरच्या माणसाला थोडं उलगडून सांगायला हवं. काजूची बी झाडावर असते तीच अडीच महिने. वर्षभर फोडायची असेल तर वर्षाची बी त्या अडीच महिन्यांत रोख मोजून भरावी लागते. शिवाय ती विकत मिळेलच असं नाही. पावसाळ्यात शाळेची फी, दवाखाना, घरावरचा पत्रा यासाठी व्यापारी बागायतदाराला उचल देतो आणि मार्चमध्ये त्या घरची बी त्याच्याच काट्यावर जाते. भाव तो सांगेल तो, वर पोत्यामागे कडता, म्हणजे वजनातली कपात. गटातल्या निम्म्या बायकांच्या स्वतःच्या घरची बी अशीच बांधलेली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न उचलण्याचा. चंदगडकडच्या किंवा गोव्यातल्या मोठ्या कारखान्याची बी मजुरीवर फोडून द्यायची. भांडवल त्यांचं, जोखीम त्यांची. पण गटाचं नाव कुठेच राहत नाही आणि दर दुसरा ठरवतो.

दुसरा, ग्रामसंघाकडून आणि बँक जोडणीतून मिळून तीनेक लाखांचं कर्ज काढून दरवर्षी थोडं थोडं वाढायचं. चार हातयंत्रं आणि एक छोटा ड्रायर एवढ्यात बसला असता. आज मागे वळून पाहताना हा पर्याय मला तेव्हा वाटला त्यापेक्षा बराच शहाणा वाटतो.

तिसरा, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. २०१९ पासूनची ही योजना, ग्रामीण भागातल्या महिलांना ३५ टक्के अनुदान. पण आमच्याकडे मंजूर होत होती ती प्रकरणं एकाच व्यक्तीच्या नावावरची. अध्यक्ष त्रेपन्न वर्षांच्या, म्हणजे वयाच्या अटीत बसत नव्हत्या. सचिव बसत होत्या, पण “उद्या धंदा तिचाच झाला तर?” हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही आणि सगळ्यांना ऐकू आला.

चौथा, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना. २०२० मध्ये सुरू झालेली, आपल्याकडे कृषी विभागामार्फत चालणारी. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान. किमान १० टक्के स्वतःचे, बाकी बँकेचं कर्ज. गटाला अर्ज करता येत होता. शिवाय बचत गटातल्या सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल, तेही खेळत्या भांडवलासाठी आणि लहानसहान अवजारांसाठी. बीजभांडवल हा शब्द एखाद्या धंद्याला शब्दशः लागू पडत असेल तर तो काजूला.

चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठीची चांदा ते बांदा योजना तोवर बंद झालेली होती आणि तिच्या आठवणीने गावात अजून उसासे टाकले जात होते.

याच सुमारास एक यंत्रविक्रेता गावात येऊन गेला. स्वयंचलित फोडणी यंत्रासह सगळी लाइन, सत्तावीस लाखांचं कोटेशन, “अनुदान तर सरकार देतंय, ताई.” हे कोटेशन आठवडाभर गटाच्या डोक्यात बसलं. निर्णय बदलला तो एका सहलीने. चंदगड तालुक्यातलं एक मध्यम युनिट पाहायला आम्ही गेलो. तिथलं स्वयंचलित यंत्र ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं, एकसारख्या आकाराची बी असेल तर ठीक, गावठी बारीक बी आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारखी कलमी टपोरी बी एकत्र आली की गर तुटतो. पाकळी आणि कणी वाढली की भाव पडला. आमच्या भागात बागा मिश्रच आहेत. परतीच्या वाटेवर सत्तावीस लाखांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

ठरलं ते असं: चौथा पर्याय, पण हातयंत्रांवरच. यंत्रं ७ लाख २० हजार, खोलीचं बांधकाम आणि दुरुस्ती २ लाख ४० हजार, एकूण ९ लाख ६० हजार. स्वतःचे ९६ हजार, म्हणजे बाईमागे आठ हजार. कर्ज ८ लाख ६४ हजार, त्यातले ३ लाख ३६ हजार पुढे अनुदानातून वळते होणार. स्वतःच्या हिश्शासाठी एकीने कानातलं गहाण टाकलं. ते तिने खूप नंतर सांगितलं.

बीजभांडवलाचा अर्ज मी पुढच्या टप्प्यावर ठेवला. आधी यंत्रं उभी राहू देत, मग बी भरायची वेळ येईल तेव्हा बघू, असा माझा विचार. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत महाग पडलेला निर्णय हाच, आणि तो घेताना मला तो निर्णय वाटलाही नव्हता.

जागेचा तिढा

शेड अध्यक्षांच्या परसात उभी करायची, असं पहिल्या दिवसापासून गृहीत होतं. सातबारा काढला तर त्यावर एकोणीस नावं. सहा मयत, चार मुंबईला, एक बडोद्याला, एकाचा पत्ता कोणालाच माहीत नाही. कोकणात काम करणाऱ्याला यात नवल नाही. वाटप कधीच झालेलं नसतं, सगळे आपापल्या वहिवाटीने नांदत असतात आणि कागदाचा प्रश्न कर्ज काढायच्या दिवशीच पडतो. संमतीपत्रं गोळा करायला गणपतीची वाट पाहायची, असं एकीने सुचवलं. सगळे चाकरमानी तेव्हा एकत्र सापडतात, हे खरं. पण आरतीनंतर सह्यांचे कागद काढले तर त्या घरात पुढची दहा वर्षं काय होईल, हेही सगळ्यांना दिसत होतं.

तोडगा ग्रामसेवकांनी काढला. पट कमी झाल्याने रिकामी पडलेली शाळेची जुनी इमारत ग्रामपंचायतीच्या ताब्यात होती. ग्रामसभेचा ठराव, दहा वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार, ना हरकत दाखला. भाडं नाममात्र. एका सदस्याने ग्रामसभेत आक्षेप घेतला की गावाची मालमत्ता बाराजणींना कशी देता. त्याला उत्तर म्हणून करारात एक अट घातली गेली, की हंगामात गावातल्या कोणाही बागायतदाराची बी गटाने बाजारभावाने घ्यायला नकार द्यायचा नाही. तेव्हा ती अट डोईजड वाटली होती. पुढे तिचाच उपयोग झाला.

या सगळ्यात सात आठवडे गेले.

अर्ज ते यंत्र

सप्टेंबर २०२१ मध्ये अर्ज भरला. डिसेंबरमध्ये जिल्हास्तरीय समितीची मान्यता. तिथून प्रकरण बँकेत गेलं आणि तिथे थांबलं. शाखेत अधिकारी बदलले, नव्या साहेबांनी कोटेशनं नव्याने मागितली, बाराजणींचे कागद पुन्हा एकदा. मार्च २०२२ मध्ये मंजुरी आली. मार्च म्हणजे बी पडायला लागली होती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेने रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यावर टाकली. विक्रेत्याने सहा आठवडे मागितले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भर पावसात टेम्पो आला आणि कुकर उतरवायला बायकांनी गुडघाभर चिखलात फळ्या टाकल्या. थ्री फेज जोडणीसाठी दोन खांब टाकावे लागले, ती ऑगस्टमध्ये मिळाली.

आणि बी? गटाची शिल्लक स्वहिश्शात गेली होती, म्हणून दरवर्षीचे सहाशे किलोही त्या हंगामात घेता आले नाहीत. कशीबशी तीनशे किलो घेतली. दिवसाला शंभर किलो बी फोडू शकणाऱ्या युनिटपाशी तीन दिवसांचा माल होता.

इथे अहवालातला माझा आकडा सांगितलाच पाहिजे. अहवालाच्या ठरलेल्या साच्यात कच्च्या मालाचा साठा महिन्याचा धरतात. मी पहिल्या वर्षी पंधरा टन बी धरली, किलोला १२० रुपयांनी अठरा लाखांची. त्याचा बारावा भाग म्हणजे दीड लाख, एवढं खेळतं भांडवल लिहिलं. पापडाच्या, मसाल्याच्या प्रकरणात हे चालतं, कारण उडीद आणि मिरची बाराही महिने दुकानात मिळतात. काजूला दीड लाखात मार्चचा एक आठवडाही निघत नाही. बँकेने तो अहवाल तपासला, समितीने तपासला. कोणीही विचारलं नाही की ही बी जुलैमध्ये कुठून येणार. काकी सोडून.

पहिला पावसाळा

ऑगस्टमध्ये गटाची बैठक झाली ती मला आठवते, कारण पहिल्यांदाच आवाज चढले. कर्जाला सहा महिन्यांची सवलत होती, ऑक्टोबरपासून साडेअठरा हजारांचा हप्ता. समोर तीन वाटा होत्या.

व्यापाऱ्याकडून साठवणीतली बी घ्यायची, तर तो किलोला १४० सांगत होता. त्या भावात गर विकून मजुरीही सुटत नव्हती.

आफ्रिकेतून आलेली बी गोव्यातल्या दलालामार्फत मिळत होती, स्वस्त आणि हवी तेवढी. दोघीजणी त्या बाजूच्या होत्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: सगळे मोठे कारखाने हेच करतात, गिऱ्हाइकाला कळतही नाही. अध्यक्षांचं उत्तर होतं, “चाकरमान्याला मुंबईत काजू मिळत नाहीत का? तो आपल्याकडून नेतो तो गावचा म्हणून.” दोन तास वाद चालला. शेवटी बाहेरची बी नको, असं बहुमताने ठरलं. माझं मत मी दिलं नाही. द्यायला हवं होतं की नाही, अजून ठरत नाही. मला अध्यक्षांची बाजू पटत होती, पण हप्ता माझ्या घरातून जाणार नव्हता.

तिसरी वाट मजुरीची. जी सुरुवातीला नाकारली होती तीच. एका मोठ्या प्रक्रियादाराशी बोलणं झालं, उकडून, फोडून, वाळवून देण्याचे किलोला अठरा रुपये, ने-आण त्याची. सप्टेंबर ते फेब्रुवारी सहा टन बी फोडली, १ लाख ८ हजार आले. अनुदान जमा व्हायला जानेवारी उजाडला. तोवरचे चार हप्ते मिळून ७४ हजार. उरलेल्यात मजुरी, लाकूड, वीज. हिशेब बसेना, म्हणून दोन महिने कोणीच मजुरी उचलली नाही.

त्या दोन महिन्यांत दोघीजणी गट सोडून गेल्या. आफ्रिकेच्या बीच्या बाजूने बोललेल्यांपैकी एक, आणि कानातलं गहाण टाकलेली ती.

दुसरं काही त्या काळात चांगलं झालं असेल तर एवढंच, की सहा टन दुसऱ्याची बी फोडताना हात बसला. कुकरमध्ये किती मिनिटं वाफ द्यायची, बोर्म्यात ट्रे कधी फिरवायचे, आकाराप्रमाणे बी आधी चाळून घेतली की अख्खे गर किती वाढतात, हे सगळं दुसऱ्याच्या मालावर शिकून झालं. अनुदान जमा झाल्यावर तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबलं आणि हप्ता अकरा हजारांच्या थोडा वर आला.

दुसरा हंगाम

२०२३ च्या हंगामाची तयारी नोव्हेंबरमध्ये सुरू केली. बीजभांडवलाचा अर्ज ‘उमेद’कडून पुढे गेला. दहाजणी, चाळीस हजारांप्रमाणे चार लाख, ग्रामसंघामार्फत. बँकेकडे कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज, मागितलं पाच लाखांचं, मिळालं अडीच. त्यासाठी मी अहवालाच्या साच्याला बगल देऊन एक पान वेगळं जोडलं: महिनावार बी किती आत, गर किती बाहेर, पैसे कधी अडकतात, कधी सुटतात. साहेबांनी तेच पान दोनदा वाचलं. ग्रामसंघाचं एक लाख, गटाचे साठ हजार. एकूण ८ लाख १० हजार.

शेतमाल तारण योजनेचाही विचार झाला. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या काही टक्के कर्ज मिळतं. पण ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालासाठी आहे, शिवाय फोडणीला रोज लागणारी बी दूरच्या गोदामात कुलपात ठेवून चालणार नव्हतं.

त्या वर्षी बीचा भाव उतरलेला होता, गावात ११० च्या आसपास. गटाने ११२ दिले आणि इमारतीच्या ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काटा मांडला. कडता नाही, आकडा सगळ्यांना दिसेल असा, पैसे हातात. बी मात्र वाळलेली हवी. काकी प्रत्येक पोत्यातून मूठभर बी घेऊन कानापाशी हलवायच्या. खुळखुळली तर काट्यावर, नाही तर “दोन ऊन दाखव आनी घेवन ये.”

पैसे साडेसात टनांच्या आधी संपणार हे दिसत होतं. तेव्हा सचिवांनी सुचवलं की ज्यांना घाई नाही त्यांच्याकडून अर्धे पैसे आता, अर्धे गणपतीत, या बोलीवर घ्यावी. बदल्यात किलोला तीन रुपये जास्त. मला वाटलं होतं कोणी देणार नाही. अडीच टन आली. ग्रामसभेची ती अट इथे कामाला आली. गटाने वर्षभर आधीच ‘कोणाची बी नाकारणार नाही’ असं कागदावर दिलेलं होतं, त्यामुळे हे बाराजणींचं दुकान न राहता गावचा काटा झाला होता. ज्यांनी व्यापाऱ्याची उचल घेतलेली होती ती घरं मात्र आली नाहीत. त्यांत गटातल्या तिघींची घरंही होती.

एकूण आठ टन. शंभर पोती, ऐंशी-ऐंशी किलोंची.

पोती लाकडी फळ्यांवर रचली, भिंतीपासून हातभर सोडून. पश्चिमेच्या बाजूला जागा पुरेना तेव्हा नऊ पोती भिंतीला टेकली. ऑगस्टमध्ये त्यांतलं एक फोडणीला ओढलं आणि बारदान हाताला गार लागलं. तोंड सोडल्यावर ओल्या गोणपाटाचा, आंबूस वास. वरची बी दिसायला ठीक होती. फोडली तर गराच्या पोटावर तपकिरी डाग. पाण्याची ओळ भिंतीवर कमरेइतकी चढलेली होती. शाळेच्या काळापासून ती भिंत झिरपते हे गावात प्रत्येकाला माहीत होतं, पण दुरुस्तीच्या २ लाख ४० हजारांत आम्ही फरशी आणि पत्रे धरले, भिंत धरली नाही. नऊपैकी निम्मा माल कणीच्या भावाने गेला.

गणपतीच्या आठ दिवस आधी बागायतदारांचे राहिलेले पैसे दिले. तीन रुपयांसह.

हिशेब

गर विकले गेले दोन टन. आठशे किलो पाकिटांतून किरकोळ, सरासरी ८२० रुपयांनी. बाराशे किलो ठोक, ५८० नी. मिळून साडेतेरा लाख. बी नऊ लाखांची. मजुरी, सरपण, वीज, पिशव्या मिळून सव्वादोन लाख. हप्ते १ लाख ३६ हजार, बाकी व्याज तीसेक हजार. हातात उरले साठ हजारांच्या आत.

मजुरीचे १ लाख ४० हजार दहाजणींत वाटले गेले, म्हणजे बाईमागे वर्षाला चौदा हजार. मी यशोगाथा म्हणून छापलेली अशी प्रकरणं वाचते तेव्हा हा आकडा तिथे कधी दिसत नाही, उलाढाल दिसते. साडेतेरा लाख छान दिसतात. उलाढाल बारा लाखांच्या वर गेली म्हणून अन्न परवान्याच्या साध्या नोंदणीवरून राज्य परवान्यावर जावं लागलं, तो खर्च आणि ती तपासणीही वाढली.

ठोक आणि किरकोळ यांतल्या फरकाचा धडा गटाने आपणच घेतला. ठोकात किलोमागे जेमतेम खर्च निघतो. जे काही उरलं ते पाकिटांनी दिलं. गोव्याच्या ज्या दुकानदाराच्या मागणीवरून हे सगळं सुरू झालं, त्याला महिन्याला दीडशे किलो देणं परवडत नाही असं त्याला कळवून टाकलं. २०२४ मध्ये अकरा टन बी घेतली आणि निम्म्याहून जास्त माल पाकिटांतून गेला.

पुन्हा करायचं झालं तर

बीजभांडवल आणि यंत्रांचं कर्ज एकाच दिवशी मागितलं असतं. यंत्रं उशिरा आली तरी तीनशेऐवजी तीन टन बी गोदामात असती, मजुरीची वेळ आली नसती किंवा अर्धीच आली असती. दोन वेगळी खाती, दोन वेगळे अर्ज, दोन वेगळे साहेब आहेत हे खरं. पण मी ते दोन वेगळे प्रश्न समजले, ही चूक त्यांची नाही.

मार्चमध्ये मंजुरी आली तेव्हा थांबायला हवं होतं का, यावर माझं आणि अध्यक्षांचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, रक्कम उचल ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलून पत्र द्यायला हवं होतं. सवलतीचे सहा महिने हंगामाला धरून पडले असते. त्यांचं म्हणणं, बँकेच्या दारात आलेला पैसा परत पाठवला की तो पुन्हा येत नाही. साहेब बदलतात तसं प्रकरणही बदलतं, हे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

दुसऱ्या पर्यायाबद्दल, तीन लाख आणि सावकाश वाढ, आज मला वाटतं की तो पहिली दोन वर्षं घेऊन मग चौथ्याकडे जायचं असतं. अनुदानाची योजना संपेल या धास्तीने आम्ही उडी मारली. योजना नंतर वाढवली गेली. पण हे २०२१ मध्ये कोणाला माहीत होतं?

व्यापाऱ्याच्या उचलीचा विषय गटाने यंदा पावसाळ्यात स्वतःच हातात घेतला. चौदा घरांना दोन-दोन हजार उचल दिली, बिनव्याजी, बी गटाच्या काट्यावर आणायच्या बोलीवर. मी सावध केलं की यात तुम्ही हळूहळू व्यापारीच व्हाल. सचिव म्हणाल्या, “होऊ दे की मॅडम. कडता नाही लावणार एवढंच.”

एक गोष्ट मात्र तशीच लोंबकळत आहे. सोडून गेलेल्या दोघींनी आपापले आठ हजार परत मागितले आहेत. गटाचं म्हणणं, पहिल्या वर्षीचा तोटाही त्यांच्या वाट्याला येतो, तो वजा करा. त्या म्हणतात, तोटा कोणत्या ठरावाने ठरला ते दाखवा. नियमावलीत याबद्दल एक ओळही नाही. ती मी तपासून दिलेली होती. त्यांतली एक, कानातलंवाली, आता हंगामात रोजावर फोडणीला येते, पूर्वीच्याच जागेवर बसते. ठराव वहीत तो विषय तीन सभांच्या खाली लिहिलेला आहे आणि तिन्ही वेळा पुढे तेच दोन शब्द आहेत: पुढील सभेत.